पाटीवरचा एकच शब्द

दोन हजार चार साल. पेठ नाक्यावर एस.टी.ची वाट बघत होतो. शेजारी फुलांची रिकामी टोपली घेतलेल्या आजीबाई आणि पेपर वाचणारा त्यांचा भाचा.

“मामी, हा फोटो बघा. त्र्याण्णव साली तुमच्या झेंडूत शूटिंगला आलेला स्पेनचा कॅमेरावाला.”

“अगं बया, केवढा पिकला! गेला का काय?”

“नाही हो, बक्षीस मिळालंय. तीस वर्षं सिनेमे केले, पण लाइट कधी लावले नाहीत म्हणे. सगळं उन्हावर.”

“उन्हासाठीच तर ताटकळत ठेवायचा. मराठी एकच शब्द येत व्हता त्याला. थांबा.”

“तो कुठं शिकला?”

“ह्याच बसथांब्याची पाटी वाचून घेतली कुणाकडून. तुझ्या मामाला झेंडूत उभं केलं आन् म्हणला, थांबा. ऊन कलेपर्यंत हे उभेच. तोडणी राहिली, मी लय वरडले.”

“परवा कॉलेजात दाखवला तो पिक्चर. मामा दिसतात त्यात.”

“परक्या माणसानं एकदाच म्हणलं, तर दोन तास हलले नाय.”

“हो ना.”

“शेवटी दवाखान्यात मी किती येळा म्हणले, थांबा.”

“...मामी, गाडी आली.”

“जाऊ दे तिला. मागल्या गाडीनं जाऊ. कसे दिसत्यात, ते सांग आधी.”