मागच्या बाकावरचा सा

डिलिस : खिडकीत नाही, बायबलखाली नाही. आत्या, बाबांचा नादकाटा तू कुठे उचलून ठेवलास का?

मार्गेड : मी कशाला हात लावू त्या चिमट्याला? तीस वर्षं दादा तो वाजवून कानाशी धरतोय, त्यावरून पहिला सूर लावून चॅपेलमध्ये गाणं उचलतोय. देवाखालोखाल त्यालाच जपतो. आणि तुला ग कशाला हवाय? माणूस प्रवासाला निघताना पाव बांधतं, जाड मोजे बांधतं.

डिलिस : मोजे तू विणलेस ते घेतलेत. नादकाटा यासाठी, की उद्या बँगोरहून सगळ्या बायका निघणार, थेट लंडनपर्यंत चालत. गावोगाव थांबून आधी गाणं, मग मताच्या हक्काचं भाषण. आणि गाणं उचलायचं काम त्यांनी मला दिलंय.

मार्गेड : दिलंय म्हणे! तिकडे पलीकडच्या गावात मागल्या वर्षी असल्या बायकांचे केस उपटले लोकांनी. टोप्या कुठे, बायका कुठे.

डिलिस : त्या वेगळ्या. त्या मंत्र्यांच्या सभेत ओरडतात, काचा फोडतात. आम्ही काही फोडत नाही. नुसत्या चालतो.

मार्गेड : आणि चिखल मारणारा आधी विचारणार, बाई, तुम्ही फोडणाऱ्या की चालणाऱ्या?

डिलिस : म्हणून तर टोपीला हा शिंपला लावायचाय. यात्रेकरूंची खूण. बघ, छान दिसतो ना?

मार्गेड : भरती ओसरली की पायाखाली कचाकचा मोडतो आपण ते. इकडे आण, वाकडा शिवलायस. दादा आला वाटतं. दादा, बूट बाहेर काढ! दगडाची भुकटी आत नको. दादा! अरे, मी भिंतीशी बोलतेय का?

डिलिस : समोर जाऊन बोल, आत्या. तोंड दिसेल असं.

मार्गेड : तोंड काय बघायचंय माझं? जन्मल्यापासून बघतोय तो.

ग्रिफिथ : काय ग मार्गेड, काही म्हणालीस? चहा झालाय का? डिलिस, तुझी पेटी बांधून झाली?

डिलिस : झाली, बाबा. तुमचा नादकाटा तेवढा हवा होता. महिन्याभरासाठी. लंडनहून परत पाठवीन.

ग्रिफिथ : तो माझ्या खिशात आहे.

डिलिस : द्याल?

ग्रिफिथ : खिशातच राहू दे पोरी.

मार्गेड : राहू देच. गुरुवारनंतर हवा तर कायमचा ने. गुरुवारी चॅपेलची सभा आहे ना! टपालवाली मिसेस प्रोथेरो दारोदार सांगत सुटलीय, हार्मोनियम घ्या म्हणून. ते वाद्य आलं की गाणं उचलणारा माणूस लागतोय कशाला? आणि तिचं तरी काय चुकलं? रविवारी तू ते गीत एवढं उंच उचललंस, की तिसऱ्या ओळीला तिची किंकाळी निघाली. म्हातारा जोब खोकत बाहेर गेला तो परत आलाच नाही. पाळक बिचारे शेवटपर्यंत नुसते ओठ हलवत होते.

ग्रिफिथ : वय झालं. होतं असं एखाद्या वेळी.

डिलिस : चूक बाबांची नव्हती, आत्या.

ग्रिफिथ : डिलिस.

डिलिस : नाही बाबा, मी उद्या जातेय. हे इथे सोडून कशी जाऊ? चूक माझी होती.

मार्गेड : तुझी? तू तर दादाच्या मागच्या बाकावर डोकं टेकून प्रार्थना करत होतीस. वर्षभर बघतेय मी. प्रत्येक गीताआधी पोरगी पुढच्या कठड्यावर ओणवी. मी लोकांना सांगते, आमची डिलिस मतांच्या नादी लागली असेल, पण भक्ती बघा तिची!

डिलिस : ती भक्ती नव्हती. म्हणजे, थोडी असेल. मी कठड्याच्या लाकडाला ओठ लावून सूर देत होते. सा. बाबा लगेच पुढे, चॅपेलच्या वडीलजनांच्या बाकावर, कोपर त्याच कठड्यावर, हनुवटी तळहातावर. लाकडातून हाताला, हातातून हाडाला. तसा पोचतो तो.

मार्गेड : मग नादकाटा कशाला आहे?

डिलिस : नादकाटा त्यांना ऐकू येत नाही.

मार्गेड : दादा? काय बोलते ही?

ग्रिफिथ : गेल्या उन्हाळ्यात खाणीत सुरुंग आधीच उडाला, आठवतं? तेव्हापासून. मला वाटलं, उतरेल. काटा वाजवायचो, कानाशी धरायचो. थरथरताना दिसायचा. आवाज नाही.

मार्गेड : वर्ष झालं! आणि मला सांगितलं नाहीस?

ग्रिफिथ : तुला सांगणं म्हणजे टपाल कचेरीत चिठ्ठी लावणं. आणि कामाला काय अडतंय? छपराच्या दगडी पाट्या चिरायला कान लागत नाहीत, हात लागतात. कान लागतात ते फक्त रविवारी.

मार्गेड : आणि ही सूर देते, हे तुला ठाऊक होतं?

ग्रिफिथ : पहिल्या रविवारी वाटलं, देवानेच दिला. नुसता हात टेकला आणि हाडात सा उमटला. डोळे भरून आले माझे. दुसऱ्या रविवारी मागे वळून बघितलं, तर हिच्या कपाळावर कठड्याचा वळ. तेव्हापासून आधी देवाचे आभार मानतो, मग हिचे. एखाद्या रविवारी उलट.

डिलिस : बाबा! तुम्हाला माहीत होतं? कधी बोलला नाहीत.

ग्रिफिथ : तू तरी कुठे बोललीस?

मार्गेड : धन्य आहे बापलेकीची! एका टेबलावर जेवता, एका पातेल्यातलं ताक पिता, आणि बोलायचं काय ते लाकडाला! मग रविवारी काय झालं? लाकूड फुगलं का?

डिलिस : शनिवारी लंडनचं पत्र आलं. बायकांच्या संघाच्या कचेरीत टाईपरायटरवर जागा आहे. चालत पोचले की तिथेच राहायचं. आपली खोली, आपली किल्ली. रात्रभर झोप नाही आली. सकाळी गीत निघालं, आणि त्याचा पहिलाच शब्द ‘निघा’. तो शब्द प वर आहे. माझं मन सा वर थांबलंच नाही, आत्या. मी ‘निघा’चाच सूर दिला.

ग्रिफिथ : आणि मी त्यालाच सा धरला.

मार्गेड : आणि मिसेस प्रोथेरो किंचाळली! थांबा, मला हसू द्या जरा. नाही, हसण्यासारखं नाहीये हे. दादा, मला हसू येतंय रे.

ग्रिफिथ : हस बाई. मीही हसलो होतो आतल्या आत. गळा ताणला तेव्हा कळलं, हा ‘निघा’चा सूर; म्हटलं, पोरीचा पाय निघालेला दिसतोय. मला आधी सुरातून कळलं, पत्र नंतर दाखवलंस.

मार्गेड : हसून झालं, आता माझं ऐक पोरी. गुरुवारी सभेत हात वर करून मोजणार. बायकांचेही मोजणार. नवा पाळक बोलावताना तुझा हात मोजला होता की नाही? जिथे तुला मत आहे, जिथे ते तुझ्या बापाच्या कामी येईल, ते सोडून तू नसलेल्या मताच्या मागे निघालीस. वर पुन्हा टोपीला शिंपला!

डिलिस : ते खरंय.

मार्गेड : आणि पुढल्या रविवारी लाकडाला ओठ कोण लावणार? मी? मी गायले तर गाई आटतात.

डिलिस : तेही खरंय. पण आत्या, चॅपेलमध्ये तरी काय होतं माझं? हात वर केला की मोजतात, तोंड उघडलं की बघतात. बाईने गाणं उचलल्याचं इथे कुणी ऐकलंय? वर्षभर सगळं गाव माझ्या सुरावर गायलं. एकालाही माहीत नाही. तक्रार नाही करत, बाबा. तुमच्यासाठी केलं, आनंदाने केलं. पण मला एकदा मान वर करून सूर द्यायचाय. उघड्यावर. लाकडात तोंड खुपसून नाही.

मार्गेड : हे बापाला तोंडावर सांगतेस?

ग्रिफिथ : तोंडावरच सांगायला हवं, मार्गेड. नाहीतर मला कळणार कसं?

डिलिस : मला तसं म्हणायचं नव्हतं, बाबा.

ग्रिफिथ : तसंच म्हणायचं होतं, आणि बरोबर म्हणालीस. मी काय केलं सांगू? रोज खाणीच्या शेडमधून येताना ठरवायचो, आज पोरीला सांगावं, पुरे झालं. आणि रविवार जवळ आला की जीभ अडायची. तुम्हाला नाही कळायचं. पाळक रंगात आले की त्यांचं बोलणं चढत चढत कधी गाणं होतं, त्यांचं त्यांनाही समजत नाही. लहानपणापासून त्याच घटकेसाठी मी आठवडा ढकलतोय. आता दिसतात नुसते ओठ आणि कपाळावरचा घाम. पण कठड्यावर हात ठेवला की लाकूड थरथरतं, आणि वाटतं, आहे, चाललंय अजून. शेवटचं गीत मी उचललं की सगळे उठतात, फळ्या हलतात पायाखाली. तेवढ्यासाठी तुला वर्षभर ओणवं ठेवलं. आता गुरुवारी मीच उभा राहतो. म्हणतो, आणा हार्मोनियम.

डिलिस : मग मी जात नाही.

ग्रिफिथ : हेच नको होतं मला.

डिलिस : जाऊन काय करू? रस्त्याने गाणार आणि डोळ्यांसमोर तुम्ही, मागच्या बाकावर, हात मांडीवर. नाही जमणार.

ग्रिफिथ : आणि तू राहिलीस तर? रविवारी मला सूर मिळेल. आणि सोमवार ते शनिवार तुझ्या चेहऱ्याकडे बघायचं, ते कसं जमवू?

मार्गेड : चहा गार होतोय. मनुकांचा पाव कापलाय तो तरी खा कुणीतरी. काय बाई घर आहे! एकाला पोरगी जायला नको, एकीला इथे राहायला नको, आणि दोघं एकमेकांसाठी उलटंच बोलतायत.

डिलिस : आत्या, मी लहान असताना आईने मला एकदा थोबाडीत दिली होती. नादकाट्यावरून. काय केलं होतं मी?

मार्गेड : चावलास तू तो! वाजता काटा तोंडात घातलास आणि नाचायला लागलीस, डोक्यात मधमाशी शिरली, डोक्यात मधमाशी शिरली म्हणून. तुझी आई म्हणाली, दात पडतील कार्टीचे.

डिलिस : डोक्यात. कानात नाही! बाबा, इकडे बघा. माझ्याकडे बघा. काटा काढा खिशातून.

ग्रिफिथ : कशाला?

डिलिस : वाजवा, आणि दांडा दातांत धरा. घट्ट.

ग्रिफिथ : वेड लागलंय का? गाणं उचलणारा माणूस, वडीलजनांच्या बाकावर बसून पोलाद चावू?

मार्गेड : जोब तिथे बसून तंबाखू चघळतो, ते चालतं. चाव म्हणते ना मी!

(ग्रिफिथ नादकाटा टेबलाच्या कडेवर आपटतो, दांडा दातांत धरतो.)

डिलिस : बाबा?

मार्गेड : रडतोय ग तो.

ग्रिफिथ : आहे. इथे. मधोमध, कपाळामागे. अग, केवढा मोठा आहे हा! पुन्हा. पुन्हा वाजवतो. हा... हा सा. तोच. वर्षभर रुसून बसला होता आणि तो तर घरातच होता.

डिलिस : रविवारी असंच करायचं. लोक हसतील.

मार्गेड : हसू देत ना. आणि गुरुवारी मी सभेला जाणारे.

ग्रिफिथ : तू तर नेहमीच जातेस.

मार्गेड : जाते, पण हात कधी वर केलाय का? हातात विणकाम असतं. यावेळी सुया घरी ठेवून जाईन. तुझा एक हात कमी पडेल ना पोरी, तो माझा धर. आणि त्या प्रोथेरोबाईच्या शेजारीच बसते, बघू कशी बोलते ती.

डिलिस : आत्या!

मार्गेड : पुरे, गळ्यात पडू नकोस, पिठाचे हात आहेत. शिंपला नीट झालाय बघ. आता चिखल बसला तरी पडायचा नाही.

ग्रिफिथ : पण डिलिस, काटा तर मला लागणार. एकच आहे. तू काय नेणार?

डिलिस : नको मला. शोधत होते ते नुसत्या भीतीने. वर्षभर दर रविवारी चॅपेलला निघायच्या आधी तुमचा काटा खिडकीत वाजवून मी सा घोकलाय. तो आता जात नाही. झोपेतून उठवा, देईन.

ग्रिफिथ : दे. बघू जुळतो का. मी दातांत धरतो.

डिलिस : (हनुवटी छातीशी नेऊन, हळूच) सा...

ग्रिफिथ : तुझी हनुवटी खाली का गेली?

डिलिस : सवय हो.

ग्रिफिथ : मान वर कर. आणि मोठ्याने दे.

डिलिस : तुम्हाला ऐकू येईल एवढ्याने?

ग्रिफिथ : मला नाही ग. रस्त्याच्या पलीकडल्याला येईल एवढ्याने.