साठाला एक कमी

समर्थ: नाही उघडत, आये. दोनदा टाकला पासवर्ड. घरचा कॉम्प्युटर चालू आहे ना नक्की? तरच मला तो इथून उघडता येईल.

जनी: चालू हाय रे. तू सांगितलंस ती चौकट उघडलीय. वर तुझं नाव, खाली सहा आकडे.

समर्थ: मग चुकतंय कुठे? तिसऱ्यांदा चुकलं तर कुलूप पडेल. मग मुंबईत बसून मला काही करता येणार नाही. एक वाजता जहाजावर जाणाऱ्यांची यादी बंद होते.

जनी: आता किती वाजले?

समर्थ: पाऊण.

जनी: बसमध्ये राहिलेली पिशवी मिळाली तर?

समर्थ: ती गेली. दाखले पण गेले तिच्याबरोबर. इथले भरतीचे साहेब म्हणाले, स्कॅन दाखव, नाव ठेवतो. आणि स्कॅन फक्त त्या कॉम्प्युटरवर आहेत.

जनी: माझ्या डबड्या फोनातून फोटो पण निघत नाय. शेजारची शमिका गेलीय मालगुंडाला.

समर्थ: तूच वाच पुन्हा. सावकाश.

जनी: एकोणसाठ. त्रेचाळीस. एकोणऐंशी.

समर्थ: सिक्स्टी नाइन, फॉर्टी थ्री, एटी नाइन. तेच तर टाकतोय. बरोबर आहे ना?

(जनी काही बोलत नाही.)

समर्थ: आये?

जनी: तुझ्या बाबांनी तरी माझं काय ऐकलंनी? बोटीवरून पेटी तेवढी परत आली त्यांची.

समर्थ: माहीत आहे मला. पण दीड वर्ष घरात बसलोय. कोणी विचारू नये म्हणून बागेमागच्या वाटेने जातो-येतो. ही बोट गेली तर मला पुन्हा कोण बोलावणार? इथे ऑफिसात सगळ्यांसमोर रडू येतंय, आये. दाबतो आता, व्हायचं ते होऊ दे.

जनी: दाबू नको.

समर्थ: का?

जनी: तिसरीपासून तुझं एकोण चुकतंय. इंग्रजी शाळेत घातला, माझीच हौस. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी.

समर्थ: म्हणजे... फिफ्टी नाइन?

जनी: हां. आणि एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी.

समर्थ: तुला माहीत होतं?

जनी: आत्ता तू वाचून दाखवलंस तेव्हा कळलं. तरी गप्प बसले. म्हटलं, वाजू दे एक.

समर्थ: आये...

जनी: लिही आता. पाच. नऊ. चार. तीन. सात. नऊ.

समर्थ: उघडलं.

जनी: अरे, हा बाण आपोआप फिरतोय. मी हात नाय लावला.

समर्थ: मीच आहे तो. फाईल घेतोय. थांब हां... आली. साहेबांना पाठवली. हो म्हणतायत, आये. नाव राहिलं.

जनी: बरं झालं.

समर्थ: बंद करतो आता इकडून.

जनी: घाई नसली तर जरा वेळ फिरव तो बाण.