हेल्मेटमधली वाक्यं

(डबिंगची खोली. पडद्यावर अंतराळवीराचा मोठा चेहरा थांबवून ठेवलेला. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट.)

दादा : नाही म्हणणार मी हे वाक्य. "मला कुणाची गरज नव्हती, आजही नाही." कॅप्टन असं बोलेल? चार सिनेमे घालवले त्याने माणूस व्हायला, आणि पाचव्यात पुन्हा पहिल्यासारखा आडदांड? लोक जोडे मारतील.

वहिनी : मारू देत. मूळ सिनेमात तेच आहे.

दादा : मग बदल की! लेखिका कोण आहे, तू का मी? नवऱ्यासाठी नको, कॅप्टनसाठी बदल.

वहिनी : चेहरा एवढा मोठा आहे. ओठ दिसतात.

रेकॉर्डिस्ट : वहिनी बरोबर बोलतात, दादा. दुसरं काही बसणार नाही तिथे.

दादा : तू मध्ये पडू नकोस रे. हिला ठाऊक आहे कॅप्टन कसा कसा वाढला ते. पहिल्या भागात नुसत्या फुशारक्या. दुसऱ्यात मेकॅनिकची माफी मागितली. तिसऱ्यात त्याचा म्हातारा गुरू गेला, तेव्हाचं ते...

वहिनी : "मला उशीर झाला. कारण काही नव्हतं. मी आलो नाही, एवढंच खरं."

दादा : तेच! अख्खं थिएटर डोळे पुसत होतं. बक्षीस मिळालं मला त्या वाक्याचं.

वहिनी : भाऊ, तो तुकडा आहे ना तुमच्याकडे? मूळ आवाजात लावा.

रेकॉर्डिस्ट : आत्ता? राहू द्या ना, वहिनी.

वहिनी : लावा म्हणते ना.

दादा : (तुकडा ऐकून) ...हे काय बोलतोय हा? टाकी? इंधन?

रेकॉर्डिस्ट : "इंधन संपत आलंय, डावी टाकी बंद करा." मूळ तेच आहे, दादा.

दादा : आणि मेकॅनिकची माफी?

वहिनी : पाना मागत होता त्याच्याकडे.

दादा : काय सांगतेस!

वहिनी : कॅप्टनने हेल्मेट घातलं की काच काळी. ओठ दिसत नाहीत. तिथे मी वाटेल ते लिहू शकते, वाक्याची लांबी तेवढी जुळली पाहिजे. बाकीचे कलाकार एका कानात मूळ आवाज ठेवतात, त्यांनी मला कधीच पकडलं असतं. तू तो बंद ठेवतोस.

दादा : माझी पद्धत आहे ती. दुसऱ्याचं ऐकत बसलं की माझा सूर बिघडतो.

वहिनी : घरीही तीच पद्धत आहे तुझी.

रेकॉर्डिस्ट : मी जरा बाहेर जाऊन येतो.

वहिनी : बसा हो. तुमच्यापासून काय लपलंय?

दादा : म्हणजे ह्यालाही माहीत होतं! चार सिनेमे फसवलंत मला दोघांनी मिळून.

वहिनी : फसवलं? माझे बाबा गेले तेव्हा तू तिसरा भाग करत होतास. सगळं उरकल्यावर आलास, आणि आईला पहिलं काय विचारलंस? जेवायला काय आहे.

दादा : भूक लागली होती गं. दिवसभर उभा होतो माईकसमोर.

वहिनी : मला वाटलं, घरी नाही तर नाही, निदान माईकसमोर तरी म्हणेल. म्हटलंस. आणि काय म्हटलंस रे! ह्याच खुर्चीत बसून ढसाढसा रडले मी. वाटलं, म्हणता म्हणता सवय लागेल. घरी पोचल्यावर विचारलंस, "आवाज कसा लागला होता?"

दादा : लागला होता की नाही पण?

वहिनी : पालथ्या घड्यावर पाणी! कॅप्टन कधी सुधारलाच नव्हता. पहिल्यापासून तो असाच आहे. मीच वेडी, हेल्मेट दिसलं की त्याला शहाणा करत बसले. आता सिनेमावाल्यांनीच त्याचं हेल्मेट काढलं. बरं झालं.

दादा : बरं काय त्यात?

वहिनी : निदान तोंड दिसलं. सहावा भाग मी लिहिणार नाही. आणि आज घरीही येणार नाही. बॅग भरून आणलीय, इथूनच आईकडे चालले.

दादा : किती दिवस?

वहिनी : परत यायचं असतं तर तुला आधी सांगितलं असतं.

दादा : ए, असं काय करतेस? बस. बस ना जरा. मी बोलतो. रेकॉर्डिंग बंद कर रे!

रेकॉर्डिस्ट : बंदच आहे, दादा.

वहिनी : बोल.

दादा : मी... म्हणजे तुझे बाबा गेले तेव्हा... तसं माझं...

वहिनी : ऐकतेय.

दादा : लिहून दे ना.