बुरुजावरची पिवळी चादर

(किल्ल्याच्या पूर्वेकडच्या बुरुजातली खोली. बाबा या किल्ल्याचे राखणदार. लेक हवाई दलात वैमानिक, रजेवर आलेली.)

बाबा : हात लावू नकोस त्या काचेला.

लेक : लावत नाहीये. एवढ्याशा पट्टीने भिंत थांबते होय?

बाबा : थांबत नाही. चुगली करते. भेगेच्या दोन्ही काठांना काच चिकटवायची. भिंत केसभर जरी हलली, तरी काच तडकते. ही मंगळवारी तडकली. विमान डोक्यावरून गेलं आणि टक्कन आवाज आला.

लेक : आणि हवाई दलात मी एकटीच आहे!

बाबा : नाहीस, म्हणून तर विचारतोय.

लेक : ही तर उलटतपासणी झाली. आधी चहा तरी द्यायचा.

बाबा : थर्मासमध्ये आहे, घे. मंगळवारी कुठे होतीस?

लेक : कामावर.

बाबा : जमिनीवर की वर?

लेक : बाबा, आमची विमानं जमिनीवर मारा करणारी. झाडांच्या शेंड्यांवरून जायचा सरावच असतो. पण किल्ल्यावरून जायला बंदी आहे. आमची वाट नदीपलीकडून.

बाबा : आणि एकच विमान वाट सोडून इकडे येतं.

लेक : नंबर दिसला तुम्हाला?

बाबा : का गं?

लेक : सहज विचारलं.

बाबा : सहज विचारणारा आधी नंबर विचारत नाही. ऐक, पुरातत्त्व खात्याचा इंजिनिअर सांगून गेलाय, आणखी एक काच फुटली तर बुरुजाचा माथा उतरवून ठेवणार. याने वेढे पचवले, तोफा पचवल्या. आता सरावाने जायचा.

लेक : मग करा तक्रार. ज्याचं नाव द्याल त्याचं उडणं कायमचं बंद होईल, एवढं लक्षात असू द्या.

बाबा : तेच तर लक्षात आहे.

लेक : तुमचा माझ्यावर संशय आहे.

बाबा : साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या की आधी तुझेच हात बघायचो. सवय, दुसरं काय.

लेक : मग मीही बोलते. या वयात तो निसरडा जिना चढून वर चादरी कसल्या वाळत घालता? पाय घसरला म्हणजे?

बाबा : कसली चादर?

लेक : आईची. ती पिवळी.

बाबा : वरचा कठडा पुरुषभर उंच आहे, चिमणे. खालून चादर दिसत नाही.

लेक : (कप खाली ठेवते.)

बाबा : चहा गार होतोय.

लेक : सापळा लावला होतात?

बाबा : छे. पहिल्यांदा विमान गेलं तेव्हा वाटलं, तूच असशील. म्हणून चादर घातली, मी इथे आहे हे तुला कळावं म्हणून. काच फुटली तेव्हा मात्र म्हटलं, देवा, ती नसू दे.

लेक : एकच वळण घ्यायचे. तुम्ही हात करायचात ना, तेवढं बघायला.

बाबा : कुठलंही विमान आलं तरी करायचो. काय सांगावं, तू असलीस तर.

लेक : मग तक्रार?

बाबा : पुन्हा फुटली तर करीन. नावानिशी. ती नवी काच दे इकडे, आणि नीट धर. उद्यापासून चादर नदीपलीकडच्या माळावर वाळत घालणार आहे.

लेक : एवढ्या लांब? चालवेल तुम्हाला?

बाबा : तू येत होतीस ना इथवर.