सुजाताचं टिंब

मेसेजवरून हसताय ना, मग आमच्या अण्णांचं ऐका. माझी धाकटी बहीण सुजाता नोकरीसाठी उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये खोली घेऊन राहायची. एकदा आमच्या गावी, जांभूळला, अण्णांच्या मोबाइलवर तिचा मेसेज आला: "Ill come Sunday." अण्णांनी मला विचारलं, "इल म्हणजे आजारी ना रे?" मी हो म्हटलं. तिचा फोन काही लागेना. आईने रडत रडत पेज केली, अण्णांनी स्कूटर काढली आणि मी डबा धरून मागे बसलो.

दार उघडलं तर सुजाता ठणठणीत, केसांना मेंदी थापलेली!

"अहो अण्णा, मी रविवारी येईन असं लिहिलंय. आय'ल! मधला अपॉस्ट्रॉफी राहिला फक्त."

"त्या एवढ्याशा टिंबापायी तुझी आई घरी रडतेय," असं म्हणून अण्णांनी डबा पुढे केला. तिने निमूटपणे सगळी पेज संपवली.

अण्णा आता नाहीत. पण त्या दिवसानंतर दर आठवड्याला तिचा मेसेज आला, की चष्मा लावून ते स्वयंपाकघराकडे जे ओरडायचे, ते अजून कानात आहे: "टिंब आहे गं! पोरगी बरी आहे!"