रुसलेली आत्या

हॅलो?… हो, नाशिकचं, शाळेचंच ऑफिस. मी मंगलाबाई बोलतेय… कोण, अक्का? सटाण्याहून? अगं, ट्रंक कॉल कशाला लावलास, सगळे बरे आहेत ना?… काय सांगतेस. चांगुणाचं जमलं? आणि सख्ख्या मावशीला आज कळवतेस… बरं, बरं, घाईत झालं. मुलगा काय करतो?… सरकारी नोकरी, धुळ्याला. आणि हुंडा?… काहीच नको? नारळ आणि मुलगी द्या म्हणाले? बघ बाई, अशी माणसं आहेत अजून.

बघायला कोण कोण आलं होतं?… वडील, मामा, ओळखीचे एक वकील… आणि आत्या. हं… चहात साखर कमी म्हणून रुसली? ताटावर बसेना?…

नाही, आहे मी. बोल… मुलाच्या बापानं तिला सगळ्यांदेखत झापलं, मुलानं पाय धरले, मग तुम्ही लुगडं नेसवून तिचा रुसवा काढलात. हिरवं होतं का गं लुगडं?… मला कसं कळलं ते राहू दे. अक्का, दिवाळीला तुला अंक पाठवला होता, त्यात माझी गोष्ट होती. वाचलीस?… फडताळात अंथरलास. हो, कागद जाड होता खरा.

अगं ऐक ना… अक्का, आधी ऐक. ही माझी गोष्ट आहे, कुणीतरी ती वाचून तसंच करतंय. त्यात पाच ठग असतात. बाप, मामा, वकील, नवरामुलगा आणि आत्या. सगळे सोयरे खोटे. आत्या मी मुद्दाम घातली. फार गोड बोलणाऱ्याचा संशय येतो, पण रुसून बसलेल्या बाईचा कुणाला येणार? उलट मुलीकडचेच धास्तावतात. एकदा तिचा रुसवा काढला की पुढं ती म्हणेल त्याला नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही…

जळते? मी?… बोल, बोलून घे. स्वतःचं झालं नाही म्हणून भाचीचं बघवत नाही, हेच ना? आई गेल्यापासून ऐकतेय. लागतं मला ते, अक्का. पण ते नंतर. आधी सांग, चांगुणा कुठाय?

…गडावर. त्यांच्या जीपनं. देवीची ओटी भरायला… सगळे दागिने घालून. आईची वजरटीकसुद्धा?… आणि दाजी का नाही गेले बरोबर?… माहेरचं माणूस असलं तर नवस फिटत नाही, असं आत्या म्हणाली. म्हणणारच. असा नवस कुठंच नसतो गं. ते वाक्य मी लिहिलंय, याच टेबलावर, मुलींचे पेपर तपासता तपासता.

कधी निघाली जीप?… आठला. आता बारा वाजत आले…

हॅलो, ऑपरेटर, तोडू नका हो. आणखी तीन मिनिटं द्या… हो, द्या.

अक्का, रडू नको. शेठच्या अडतीच्या दुकानातूनच बोलतेयस ना? दाजींना तिथूनच पाठव, शेठचा ट्रक माग. आणि गडावर नको. जीप वर जातच नाही. पायथ्याला, नांदुरीला चहाला थांबते. आत्या म्हणते, वर गर्दीत चोर असतात, दागिने माझ्या पिशवीत काढून ठेव, आणि ओटीचा नारळ तुझ्या हातानं घेऊन ये. पोर नारळ घेऊन परत येते तर जीप गेलेली असते…

मग?… मग काही नाही, अक्का. तिथं गोष्ट संपते. रस्त्याच्या कडेला पोर उभी, हातात नारळ. संपादक म्हणाले, शेवट फार छान जमलाय. मलाही तसंच वाटलं, लाज वाटते सांगायला. तिच्याकडं एसटीपुरते पैसे होते का, तिला कुणी घ्यायला आलं का… हे मी लिहिलंच नाही.

अक्का, दाजींना म्हण, आधी तिला घरी आणा. दागिन्यांचं तिला विचारू नका… हॅलो?… ऐकलंस ना, विचारू नका म्हण… हॅलो? अक्का?