फवारणी आधी, गणित मागाहून

...आणि वर म्हणतो कसा, ‘निल्दाबाई, दोन मिनिटांचं तर काम आहे.’ तुम्हाला सांगते, संख्याशास्त्रात केस पिकले माझे, पण एक डॉक्टर वेळेत येईल तर शपथ. सगळे वरात परतल्यावर मुहूर्त विचारायला येतात. त्यातलेच हे आमचे डॉक्टर ओव्हेलार. आमच्या असुन्सिओन शहरात डेंग्यूचा कहर, माणसं इस्पितळाच्या व्हरांड्यात निजलेली, आणि यांनी डासांवरचं नवं औषध फवारलं कुठे? तर ज्यांनी मागितलं तिथे. मागितलं कुणी? बंगलेवाल्यांनी. त्यांच्या नळाला अखंड पाणी, पिंप भरून ठेवायला नको, मग डास जन्मणार कुठे? नदीकाठच्या वस्तीत दारोदार पिंपं, तिथे फवारा नाही. आता म्हणे, ‘बघा, फवारलं तिथे ताप कमी. तुम्ही फक्त शेवटचा आकडा घाला.’ याला म्हणायचं सहकार्य.

म्हटलं, ‘डॉक्टर, ही तुलनाच होत नाही.’

‘मग गणितानं दुरुस्त करा की.’

अहो, नासलेल्या दुधाला गणितानं विरजण लागतं का?

म्हटलं, एलादिओला बोलावू, आमच्याच धंद्यातला. तीच चूक. तो म्हणे, आधीचं ठाऊक असलेलं धरून हिशेब मांडू. मी म्हणे, हातात आलंय तेवढंच धरू. तो माझ्या गुरूंवर घसरला, मी त्याच्या. समोरच्या तेरेरेतला, म्हणजे आमच्या गार पाल्याच्या चहातला, बर्फ विरघळला, आम्ही नाही. तोवर ओव्हेलार टीव्हीवर, ‘संख्याशास्त्रज्ञ आमच्यासोबत आहेत.’ याला म्हणायचं सहकार्य.

ते ऐकलं आणि जन्मात पहिल्यांदा आमचं एकमत झालं. दोघांनी सह्या करून कळवलं, की या प्रयोगावरून औषधाबद्दल काहीच सांगता येत नाही. पेपरात मथळा काय? ‘औषधाविरुद्ध संख्याशास्त्रज्ञांना काहीच सांगता आलं नाही.’ झालं... शहरभर औषधाचा धूर, पिंपं तशीच उघडी, नदीकाठची माझी मावशी तापानं फणफणली, कशीबशी वाचली. आणि अहवालात आमचे मनःपूर्वक आभार. चीड नाही येणार?

परवा एलादिओ माझ्याकडे बसलेला, तर ओव्हेलार पुन्हा दारात. ‘निल्दाबाई, माझं चुकलं. या खेपेला फवारणीच्या आधीच विचारायला आलोय.’

डोळे भरून आले हो माझे. खुर्ची दिली, गार तेरेरे दिला, म्हटलं, ‘विचारा.’

‘निकाल चांगला यायचा तर कुठल्या वस्तीत फवारू?’

मी एलादिओकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, ‘निल्दा, जाऊ दे. आधी आलाय, हेच खूप.’